दोन रुपयांचे पाच लाख भागीदार : श्याम बेनेगल यांची आठवण

पहाटे सहाच्या सुमाराला गावच्या दूध सोसायटीपुढे रांग लागते. कुणाच्या हातात किटली असते, कुणाच्या कमरेवर चरवी, तर कुणाच्या मोटारसायकलला दोन्ही अंगांनी कॅन अडकवलेले असतात. दूध मापून घेतात, नमुना काढतात, फॅट लागते आणि वहीत आकडा पडतो. आकडा कमी पडला की तोंड उतरते, बरा पडला की माणूस चहा पिऊन घरी जातो. आपल्याला यात नवल ते काय वाटणार? रोजचेच आहे.

पण याच रांगेवर एक मोठा सिनेमा निघाला आणि तो जगभर गेला. त्यात ना विलायती मोटारी होत्या, ना बागेत पळणारी नायिका. म्हशी होत्या, चारा होता, दुधाचा हिशेब होता आणि गावातली भांडणे होती. त्याला भांडवल घातले ते गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी फक्त दोन रुपये. सिनेमा सुरू होताच पडद्यावर पाटी येते, ती गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या नावाची. तो चित्रपट म्हणजे 1976 सालचा ‘मंथन’, आणि तो काढणारे दिग्दर्शक श्याम बेनेगल.

23 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत बेनेगलांचे निधन झाले. नऊच दिवसांपूर्वी, 14 डिसेंबरला, त्यांनी नव्वदी पूर्ण केली होती. दादरच्या शिवाजी पार्क स्मशानभूमीत सरकारी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर पाने भरून लिहिले. पण ज्यांच्या जगण्यावर त्यांनी उभी हयात सिनेमे काढले, त्या खेड्यापाड्यांतल्या घरांतही त्यांची आठवण निघायला हवी. म्हणून हा लेख.

निजामाच्या राज्यातला मुलगा

बेनेगलांचा जन्म 1934 सालचा, सिकंदराबादच्या छावणी भागातल्या तिरुमलगिरीचा. घराणे मूळचे कर्नाटकातले, सारस्वत. वडील श्रीधर बेनेगल छायाचित्रकार होते. घरात कॅमेरा होता, आणि वयाच्या बाराव्या वर्षी या मुलाने वडिलांच्या कॅमेऱ्यावर आपला पहिला छोटा चित्रपट काढला.

ते हैदराबाद म्हणजे निजामाचे हैदराबाद. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच राज्यात होता. त्यामुळे देशमुखी, जहागिरी, वेठ आणि गढीचा धाक म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. तेलंगणात तर 1946 पासून जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांनी हत्यारे उचलली होती. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले तेव्हा श्याम तेरा वर्षांचा होता. आजूबाजूला जे घडत होते ते या मुलाच्या मनात रुतून बसले असणार, कारण पुढे चाळिशीच्या घरात आल्यावर त्याने पहिला मोठा सिनेमा काढला तो याच मातीतला.

हैदराबादला अर्थशास्त्रात एम. ए. करून बेनेगल मुंबईला आले. प्रसिद्ध दिग्दर्शक गुरुदत्त हे त्यांचे नात्यातले भाऊ. पण त्यांचे बोट धरून स्टुडिओत शिरण्याऐवजी बेनेगलांनी 1959 मध्ये एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी धरली. पुढे साबण-तेलाच्या शेकडो जाहिराती आणि माहितीपट त्यांनी काढले. 1962 मध्ये ‘घेर बेठा गंगा’ हा त्यांचा पहिला माहितीपट झाला, तो गुजरातीत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काही वर्षे शिकवले आणि पुढे दोन वेळा त्या संस्थेचे अध्यक्षपदही सांभाळले.

या सगळ्या वर्षांत त्यांच्या खिशात एक गोष्ट लिहून ठेवलेली होती. ती पडद्यावर आणायला पैसे द्यायला मात्र कुणी तयार नव्हते. तेरा वर्षे ती तशीच पडून राहिली. अखेर चित्रपटगृहांना जाहिरातपट पुरवणाऱ्या ‘ब्लेझ’ या कंपनीने हात पुढे केला आणि 1974 मध्ये ‘अंकुर’ पडद्यावर आला.

एका पोराने भिरकावलेला दगड

‘अंकुर’ची गोष्ट तेलंगणातल्या एका गावाची. जमीनदाराचा शिकलेला मुलगा सूर्या बापाच्या हुकमावरून गावी येऊन शेती बघू लागतो. घरात कामाला लक्ष्मी नावाची बाई आहे. तिचा नवरा किश्तय्या मुका-बहिरा कुंभार, दारूच्या आहारी गेलेला. ताडी चोरल्याबद्दल त्याचे डोके भादरून गाढवावरून धिंड काढतात आणि तो लाजेने गाव सोडतो. पुढे मालक आणि मोलकरीण यांच्यात जे होते ते होते. दिवस गेले म्हटल्यावर मात्र मालक हात झटकतो.

सूर्या हा सिनेमातल्या नेहमीच्या खलनायकासारखा मिशा पिळणारा नाही. तो शिकलेला आहे, जातपात मानत नाही असे सांगतो, लक्ष्मीच्या हातचा चहा पितो. पण बापाच्या ठेवलेल्या बाईच्या शेताचे पाणी तोडताना त्याला काही वाटत नाही. पाणी तोडणे म्हणजे काय, हे शहरातल्या प्रेक्षकाला कदाचित कळणार नाही. आपल्याला ते लगेच कळते. बेनेगलांना ते ठाऊक होते, हेच त्यांचे वेगळेपण.

शेवटी किश्तय्या परत येतो. तो काम मागायला येतो आहे, पण अपराधी मनाच्या सूर्याला वाटते, हा सूड घ्यायला आला. तो त्याला चाबकाने फोडून काढतो. लक्ष्मी त्याला शिव्याशाप देते. सगळे पांगल्यावर गावातला एक लहान पोरगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो आणि पळतो. काच फुटते. सिनेमा तिथेच संपतो. पेरलेल्या बीतून कोंब वर आला, एवढेच दाखवून बेनेगल थांबले.

या चित्रपटाने शबाना आझमी आणि अनंत नाग ही दोन नवी माणसे हिंदी पडद्याला दिली. शबानाला आणि किश्तय्या झालेल्या साधू मेहेर यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. छायाचित्रण गोविंद निहलानींचे आणि संगीत वनराज भाटिया यांचे. ही जोडगोळी पुढे अनेक वर्षे बेनेगलांबरोबर राहिली.

लगेच 1975 मध्ये ‘निशांत’ आला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. गावात नव्याने आलेल्या मास्तरांची बायको जमीनदाराची माणसे उचलून नेतात. मास्तर पोलीस, कलेक्टर, वकील अशी सगळी दारे ठोठावतो, पण कुणी दाद देत नाही. शेवटी गाव पेटते, आणि त्या वणव्यात निरपराध माणसेही होरपळतात. गिरीश कर्नाड, अमरीश पुरी, नसीरुद्दीन शाह, स्मिता पाटील, मोहन आगाशे असे एकाहून एक नट त्यात होते. अन्याय वाईटच, पण आंधळ्या संतापालाही घरचे-परके कळत नाही, हे त्या सिनेमाने दाखवले.

दोन रुपयांची गोष्ट

आता ‘मंथन’कडे येऊ. त्याआधी थोडा आणंदचा इतिहास सांगितला पाहिजे.

गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात चाळीसच्या दशकात दूध ‘पोल्सन’ या खाजगी डेअरीला जाई. भाव ठरवणारे ते आणि मधले दलाल. शेतकऱ्याच्या हाती पडेल ते घ्यायचे. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी दूध बंद केले आणि आपला संघ काढला. त्या संघाची नोंदणी झाली ती 14 डिसेंबर 1946 रोजी. योगायोग असा, की त्याच दिवशी तिकडे सिकंदराबादला श्याम बेनेगल बारा वर्षांचे झाले.

1949 मध्ये डॉ. व्हर्गीस कुरियन आणंदला आले आणि ‘अमूल’ उभे राहिले. 1970 पासून ‘दुधाचा महापूर’ ही योजना देशभर सुरू झाली. आपल्याकडच्या दूध संघांनाही त्या वाटेचा मोठा आधार मिळाला.

बेनेगलांनी कुरियन यांच्यासाठी या कामावर माहितीपट काढले होते. ते काढता काढता त्यांच्या लक्षात आले, की माहितीपट ज्यांना आधीच पटले आहे तेच बघतात. गावोगावच्या माणसांपर्यंत जायचे तर गोष्ट सांगणारा सिनेमा हवा. पण पैसा कुठून आणायचा? त्या वेळी दहा लाखांची गरज होती. कुरियन यांनी तोड काढली. संघाचे पाच लाख सभासद दूध घालतात. प्रत्येकाने दुधाच्या पैशातून एकदाच दोन रुपये सोडले तर? सभासदांनी ते सोडले, आणि दहा लाख उभे राहिले.

यात मोठी गंमत आहे. सिनेमाला पैसे घालणारा शेठ नेहमी विचारतो, गाणी किती, मारामाऱ्या किती, गल्ला किती? हे पाच लाख शेठ असे, की त्यांना आपलीच गोष्ट पाहायची होती. चित्रपट लागला तेव्हा ट्रक भरभरून शेतकरी तो बघायला गेले, कारण सिनेमा त्यांच्या मालकीचा होता.

गोष्ट थोडक्यात अशी. डॉ. राव नावाचे जनावरांचे डॉक्टर सहकारी डेअरी काढायला एका गावात येतात. गावात मिश्रा नावाच्या खाजगी डेअरीवाल्याचे राज्य आहे. तो पडेल भावाने दूध घेतो आणि अडीनडीला उचल देऊन माणसे बांधून ठेवतो. डॉक्टर फॅट तपासून भाव देऊ लागतात. दलित वस्तीतला भोला हा तापट तरुण सुरुवातीला डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही, कारण शहरातल्या एका माणसाने त्याच्या आईला फसवलेले असते. हळूहळू त्याला पटते, की ही सोसायटी आपल्यासाठी आहे.

इथवर गोष्ट सरळ चालते. मग सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक लागते. सरपंचाला वाटते, खुर्ची आपलीच. पण दलित वस्तीचा उमेदवार निवडून येतो. एका मताने एकच माणूस मोजला जातो, मग तो वाड्यातला असो की वस्तीतला, हे सरपंचाच्या पचनी पडत नाही. काल मिश्राशी वैर असलेला सरपंच आज त्याच्याशी हातमिळवणी करतो. वस्तीतल्या झोपड्या जळतात. मिश्रा मदतीचे सोंग घेऊन येतो आणि माणसे पुन्हा त्याच्या दारी जातात. बिंदू नावाच्या धडपड्या बाईकडून कोऱ्या समजुतीने एका कागदावर अंगठा घेतात आणि डॉक्टरांवर बालंट आणतात. वरून चक्रे फिरतात, डॉक्टरांची बदली होते.

डॉक्टर गाडीत बसून निघून जातात, तेव्हा वाटते, संपले सगळे. पण भोला उठतो, चार माणसे गोळा करतो आणि सोसायटीचे दार पुन्हा उघडतो. रांग थोडकी असते, पण असते. बाहेरचा माणूस गेला तरी काम चालू राहिले, म्हणजे ते खरे रुजले.

आजही हा चित्रपट पाहताना आपल्यापैकी अनेकांना आपल्याच गावची आठवण येईल. सोसायटीची निवडणूक आली की कोणकोण एकत्र येतात, उचलीच्या पैशाने माणूस कसा अडकतो, वस्तीतल्या माणसाने खुर्चीवर बसले की कुणाच्या पोटात दुखते, हे सगळे बेनेगलांनी न लपवता दाखवले. शेतकऱ्यांच्या पैशातून काढलेला सिनेमा शेतकऱ्यांची नुसती वाहवा करील, असे कुणालाही वाटले असते. त्यांनी वाहवा केली नाही. गावाला लुटणारा बाहेरचा दलाल दाखवला आणि गावाला आतून पोखरणारी जातही दाखवली. आणि पैसे घालणाऱ्या शेतकऱ्यांनी तो सिनेमा आपला मानला. हा मोठेपणा दोघांचाही.

चित्रीकरण राजकोटच्या बाजूच्या एका खेड्यात झाले. भोला झालेले नसीरुद्दीन शाह त्या काळात झोपडीत राहिले, शेण्या थापायला आणि म्हैस पिळायला शिकले. बिंदूच्या कामात स्मिता पाटील अशा मिसळल्या, की नटी वेगळी काढून दाखवणे कठीण. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, संवाद कैफी आझमींचे. प्रीती सागर यांनी गायलेले गुजराती बोलीतले गीत तर पुढे अमूलच्या जाहिरातींतून घरोघरी पोचले. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे आणि पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक ‘मंथन’ला मिळाले.

कुरियन यांनी या सिनेमाचा उपयोग कसा केला, तेही पाहण्यासारखे आहे. छोट्या फिल्मवर प्रती काढून त्यांनी त्या देशभर गावोगाव पाठवल्या. प्रतीबरोबर एक जनावरांचा डॉक्टर, एक दुधातला जाणकार आणि एक चाऱ्यातला जाणकार असे पथक जाई. रात्री सिनेमा दाखवायचा आणि मग गावकऱ्यांना विचारायचे, तुमच्याकडे काढायची का अशी सोसायटी?

जवळपास अर्ध्या शतकानंतर या चित्रपटाची खराब झालेली फिल्म फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केली. मे 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात तो नव्याने दाखवला गेला आणि जूनच्या सुरुवातीला आपल्या देशातल्या चित्रपटगृहांतही लागला. बेनेगलांना हयातीत हे पाहायला मिळाले, हे बरे झाले.

मराठी माणसांशी जडलेले नाते

बेनेगलांचे सिनेमे बहुतेक हिंदी. पण मराठी माणसांचा हात त्यांच्या कामात सतत दिसतो. त्यात पहिले नाव स्मिता पाटील यांचे. खानदेशातल्या शिरपूरचे पुढारी शिवाजीराव पाटील यांची ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची. तिथून बेनेगलांनी तिला हेरले आणि ‘चरणदास चोर’ या बालचित्रपटात पहिले काम दिले. पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘निशांत’, ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ असे तिचे एकाहून एक सरस काम झाले. 13 डिसेंबर 1986 रोजी अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली, ती हळहळ अजून ताजी आहे.

1977 चा ‘भूमिका’ हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवरून बेतलेला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट ज्यांनी जत्रेत तंबूत किंवा तालुक्याच्या थेटरात पाहिला असेल, त्यांना हंसाबाई चांगल्याच आठवतील. पुण्यात तो शंभराहून अधिक आठवडे चालला होता. त्याच नावाने हंसाबाईंनी आपली कर्मकहाणी सांगितली. पडद्यावर टाळ्या घेणारी बाई घरात मात्र कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात, कमाई तिची आणि हुकूम दुसऱ्याचा, हे त्यात आहे. स्मिता पाटील यांना या कामाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. अमोल पालेकर आणि सुलभा देशपांडेही त्यात होते.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ कादंबरीवरून त्यांनी त्याच नावाचा चित्रपट काढला. गोव्यातल्या लोटलीच्या एका जुन्या वाड्यात ‘त्रिकाल’चे चित्रण केले. पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय कार्यावर ‘अंतर्नाद’ काढला. आणि आपल्या चित्रसंस्थेला त्यांनी नाव दिले होते ‘सह्याद्री’.

ज्या काळात हे सिनेमे निघाले त्या काळात ते आपल्या खेड्यांपर्यंत फारसे पोचले नाहीत, हेही खरे. शहरातल्या मोजक्या थेटरांत ते लागत. तंबूवाले ते आणत नसत. गावाची आणि बेनेगलांची खरी गाठ पडली ती दूरदर्शनवर. 1988 मध्ये पंडित नेहरूंच्या ग्रंथावरून त्यांनी ‘भारत एक खोज’ ही 53 भागांची मालिका केली. तेव्हा गावात चार-दोन घरीच टीव्ही असे आणि अंगण माणसांनी भरून जाई. नसीरुद्दीन शाह यांनी उभे केलेले शिवाजी महाराज आणि ओम पुरींचा औरंगजेब ज्यांनी तेव्हा पाहिला, ते अजून विसरलेले नाहीत.

जमीन, माग, पाणी आणि विहीर

बेनेगलांनी शेती आणि गावाचा विषय पुढेही सोडला नाही. 1982 च्या ‘आरोहण’मध्ये बंगालचा हरी मंडल हा वाट्याने जमीन कसणारा शेतकरी आहे. कायदा त्याच्या बाजूचा, पण तो कायदा त्याच्या बांधापर्यंत यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि तोवर घरदार विस्कटते. ओम पुरींना या कामाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. 1987 चा ‘सुस्मन’ पोचमपल्लीच्या हातमाग विणकरांचा. जगाला रेशीम विणून देणाऱ्याच्या घरातली ओढाताण त्यात आहे. 1999 च्या ‘समर’मध्ये गावातला हातपंप आणि त्यावरून पेटलेला जातीचा वाद आहे.

उतारवयात त्यांनी हाच विषय हसत हसत सांगितला. 2008 चा ‘वेलकम टू सज्जनपूर’ हा गावातल्या पत्रलेखकाचा सिनेमा. श्रेयस तळपदे यांचा महादेव निरक्षर माणसांची पत्रे लिहून पोट भरतो आणि कधी कधी पत्रात स्वतःच्या मतलबाचे दोन शब्द घुसडतो. दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेण्याचा काळ आठवणाऱ्या आजी-आजोबांना हा सिनेमा खास आवडेल.

त्यानंतरचा ‘वेल डन अब्बा’ तर आपल्या घरचाच. मुंबईत ड्रायव्हर असलेला अरमान अली रजेवर गावी येतो आणि त्याला कळते, की सरकारी योजनेतून कोरडवाहू तुकड्यात फुकट विहीर मिळते. मग दाखला, सही, शिक्का, पाहणी, फोटो अशी वरात सुरू होते. प्रत्येक टेबलावर थोडे थोडे जाते. कागदावर विहीर पूर्ण होते, पाण्याची साक्षसुद्धा निघते, पण जागेवर एक टोपलीभर मातीही उकरलेली नसते. मग अरमान अली आणि त्याची मुलगी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देतात, ‘आमची विहीर चोरीला गेली!’ बोमन इराणी यांनी हे काम असे केले आहे, की हसता हसता डोळ्यांत पाणी येते. योजनेच्या खेपा ज्यांनी घातल्या आहेत, त्यांना हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही.

पद्मश्री, पद्मभूषण, 2005 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार, राज्यसभेची सहा वर्षे असे मानसन्मान त्यांना मिळाले. 2023 मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना, बांगलादेशच्या शेख मुजीब यांच्यावरचा त्यांचा शेवटचा चित्रपट पडद्यावर आला.

घरच्यांसाठी निवड

बेनेगलांचे सगळेच सिनेमे सगळ्यांनी बसून पाहण्याजोगे नाहीत. ‘निशांत’ आणि ‘मंडी’ थोरांनी पाहावेत. लहान मुलांना ‘चरणदास चोर’ दाखवावा. खरे बोलण्याची शपथ घेतलेल्या चोराची ती लोककथा आहे, आणि हबीब तन्वीर यांच्या छत्तीसगडी कलावंतांनी ती मोठ्या मजेने रंगवली आहे. ‘सज्जनपूर’ आणि ‘वेल डन अब्बा’ जेवणे झाल्यावर घरातल्या मोठ्यांनी आणि जाणत्या पोरांनी एकत्र पाहावेत. ‘अंकुर’ आणि ‘भूमिका’ घरातल्या बायकांनी जरूर पाहावेत, आणि पुरुषांनी त्याहून जरूर.

‘मंथन’बद्दल मात्र एक सुचवावेसे वाटते. तो एकट्याने मोबाइलवर पाहू नये. आता फिल्मची रिळे आणि बैलगाडीतून जनरेटर आणण्याची गरज राहिलेली नाही. शाळेत, ग्रामपंचायतीत प्रोजेक्टर असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आदल्या रात्री देवळापुढे एक पांढरा पडदा बांधावा, रीतसर परवानगी घेऊन चित्रपट लावावा आणि सगळ्या वस्त्यांना बोलावणे धाडावे. रोज म्हशीखाली बसणाऱ्या बायकांना पुढची जागा द्यावी.

सिनेमा संपला की दिवे लावून दोन-चार प्रश्न विचारावेत. आपल्या सोसायटीत फॅट खरी लागते का? हिशेब सगळ्यांना दिसतो का? चेअरमन ठरतो तो मतांनी की वाड्यावर? ज्या घरात शेणमूत, चारापाणी आणि धार सगळे बाई करते, त्या घरी दुधाचे पासबुक कुणाच्या नावावर आहे?

उत्तरे कदाचित गैरसोयीची येतील. सभेत थोडी वादावादीही होईल. होऊ द्यावी. डॉ. राव यांची गाडी गेल्यावर भोलाने जे दार उघडले, ते रोज पहाटे उघडावे लागते, आणि ते उघडायला बाहेरून कुणी येणार नाही.